हक्कसोडपत्रावरची सही आणि भाऊबीजेची साडी



आधी रानाची खबर. कापसाची पहिली वेचणी कालच उरकली. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं झाडावरच सडली, वरच्या बोंडांत निघालं तेवढंच. गेल्या वर्षी पहिल्या वेचणीला एकरी अडीच क्विंटल होता, औंदा सव्वा. हरभरा पेरून आठ दिवस झाले, उगवण बरी आहे. ओल लई असल्यामुळं मर लागायची भीती, म्हणून ट्रायकोडर्मा लावूनच पेरलाय. तुरीला कळी धरलीय. एवढं रानाचं.

आज लिहायचंय ते दुसरं आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. आणि दरवर्षीसारखं त्यानंतर तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसपुढं नव्या साड्या नेसलेल्या बाया दिसायला लागल्या. त्या कशाला येतात ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे, बोलत कुणी नाही. हक्कसोडपत्र करायला येतात. भावानं ओवाळणीत साडी घातली, पुरणाचं जेवण केलं, आणि हात धुता धुता सांगितलं, "ताई, उद्या जरा तालुक्याला यायचंय, एक सही लागती." ताईनं विचारलं नाही कशाची. विचारलं असतं तर वहिनीचं तोंड वाकडं झालं असतं.

त्या एका सहीची किंमत सांगते. समजा बापाला ८ एकर होतं. बाप वारला. मागं आई, दोन भाऊ, दोन बहिणी. पाच जणांचे सारखे पाच हिस्से. एकेकीच्या वाट्याला ६४ गुंठे येतात, दीड एकराच्या वर. आमच्याकडं कोरडवाहू जमीन एकरी दहा लाखाच्या खाली कुणी बोलत नाही, रस्त्याच्या कडेची तर विचारूच नका. म्हणजे झाले १६ लाख. साडी असती दीड हजाराची. मोंढ्यात आडत्यानं असा सौदा केला असता तर आपण त्याचं दुकान फोडलं असतं.

आणि याच्यावर कडी म्हणजे हाच भाऊ स्टेटस ठेवतो, माझी लाडकी बहीण म्हणून.

लाडकी बहीण म्हणलं म्हणून आठवलं. सरकार महिन्याला १५०० देतं. पण जिच्या नावावर जमीन आहे आणि जिला पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे येतात, तिला लाडक्या बहिणीचे ५०० च मिळतात. हिशोब सरकारच्या बाजूनं बरोबर असेल. पण गावात त्याचा अर्थ काय निघाला? आमच्या गल्लीतला एक जण बायकोला म्हणला, "बघ, नाव लावलं असतं तर हजार रुपये कमी झाले असते, म्हणून मी लावलं नाही." दहा लाखाच्या मालकीपासून बाईला लांब ठेवायला त्याला हजार रुपयांचं कारण सापडलं!

आता काम कोण करतं ते बघू. मी दहावी शिकलेली बाई, पण वही लिहिते, सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षीचा एक एकर कापसाचा हिशोब माझ्या वहीत आहे. टोकणीला ४ बाया. खताला दोन वेळा मिळून ४. खुरपणी तीन वेळा, मिळून १७. वेचणी तीन वेळा, मिळून १६. पऱ्हाटी उपटायला २ बाया. झाले ४३ दिवस. गड्यांचे? नांगरटी ट्रॅक्टरची, ती सोडा. वखर, तीन कोळपण्या, पाच फवारण्या, आणि कापूस मोंढ्याला नेणं. सगळं धरून ९ दिवस भरले. फवारणीला पंपात ओतायचं पाणी विहिरीवरनं मीच वाहिलं, ते कशात धरलेलं नाही. भाकरी बांधणं, जनावरांचं शेण, वैरण तर कुणीच धरत नाही.

हे माझ्या एकट्या रानाचं नाही. सरकारचंच सर्वेक्षण सांगतं की खेड्यापाड्यातल्या कामकरी १०० बायांपैकी ७५ च्या वर शेतीत राबतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेतमजुरांत बायांचा आकडा सहा कोटीच्या वर होता. आणि नावावर शेत किती जणींच्या? २०१५-१६ च्या कृषी गणनेत १०० खातेदारांमागं बाया जेमतेम १४. त्या चौदांत पण विधवा किती, आणि सीलिंग वाचवायला किंवा जिल्हा बँकेचं दुसरं खातं काढायला नाव लावलेल्या किती, ते तुम्हीच आपल्या गावात मोजून बघा.

आमच्या भागात नवऱ्याला मालक म्हणतात. "मालक रानात गेलेत", "मालकाला विचारून सांगते". सासूनं शिकवलेला शब्द आहे, मी पण म्हणते. पण खताच्या दुकानात, ऑफिसात, बँकेत जाऊन बघा, तिथं हा शब्द मायेचा राहत नाही. मी एका ऑफिसात अनुदानाचं विचारायला गेले तर टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणला, "मालकाला पाठवा." म्हणलं साहेब, सातबाऱ्यावर माझंबी नाव आहे, काढून बघा. त्यानं काढून बघितलं, मंग बसायला खुर्ची दिली. खुर्ची सातबाऱ्याला दिली, मला नाही, हे मला कळलंय. तरी घेतली.

ज्यांना वाटतं की नावात काय आहे, घर तर एकच आहे, त्यांनी औंदाचं वर्ष बघावं. सप्टेंबरात पाणी शिरलं, माती वाहून गेली. मदत कुणाच्या खात्यात? सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या. शेतकरी ओळखपत्र कुणाचं निघतं? सातबाऱ्यावर नाव असलेल्याचं. पीक कर्ज, पीक विमा, ठिबकचं अनुदान, सगळीकडं तेच. औंदा सीसीआयला कापूस घालायचा तर मोबाईलवर त्या कपास किसान ॲपात नोंदणी, तिथंबी आधी जमिनीचा कागद. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता, आणि ज्या बाईनं तो कापूस बोंडाबोंडातनं काढला तिला तो विकायचा हक्क नाही. पीएम किसान कुटुंबाला एकच मिळतं, नवरा-बायको दोघांना मिळत नाही, हे मलाबी माहीत आहे. प्रश्न दोघांना देण्याचा नाहीच, ते ६००० कुणाच्या खात्यात पडतात आणि तिथनं कुठं जातात याचा आहे. कुठं जातात ते मी इथं लिहिणार नाही, तालुक्याच्या स्टँडवर संध्याकाळी सातला जाऊन बघा.

एक गंमत सांगते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत साप चावून, वीज पडून माणूस गेला तर २ लाख मिळतात. त्यात नंतर दुरुस्ती केली की खातेदार आणि घरातला सातबाऱ्यावर नाव नसलेला आणखी एक जण. बरं केलं. म्हणजे रानात राबणारी पण कागदावर नसलेली माणसं असतात हे सरकारनं मान्य केलं. पण मेल्यावर.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगते, कारण यात लई गोंधळ करून ठेवलाय. १९५६ च्या वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क फक्त मुलाला होता. मुलीला बापाच्या हिश्श्यातला हिस्सा. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात याहून पुढचं मांडलं होतं, ते होऊ दिलं नाही, १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं त्यातलं एक मोठं कारण ते होतं. मंग महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा केला, पण त्यात ज्या मुलींचं लग्न आधीच झालं होतं त्यांना बाहेर ठेवलं. माझं लग्न १९९१ चं, मी त्यात बसले नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा कायदा आला, मुलगी मुलासारखीच, लग्न झालेलं असो नसो. तरी वकील सांगायचे, बाप २००५ ला जिवंत पाहिजे होता. ते पण ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं मिटवलं. विनीता शर्मा यांची केस. हक्क जन्मानं आहे, बाप कधी वारला याच्याशी संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर रजिस्ट्री करून वाटण्या झाल्या असतील तर त्या मोडत नाहीत. हे हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचं. मुसलमान बहिणींचा कायदा वेगळा, आणि आदिवासी बहिणींना तर हा कायदा लागूच नाही. त्यांचं दुखणं आणखी मोठं आहे, त्यावर त्यांच्यातल्या कुणी लिहिलं तर मी वाचीन.

म्हणजे कायद्याची भांडणं सगळी संपलीत. आता फक्त भाऊ उरला.

भावांची उत्तरं ठरलेली आहेत. एकेक घेते.

"लग्नात हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा." अरे दादा, १९६१ पासून हुंडा गुन्हा आहे. गुन्हा केला तो केला, वर त्याची पावती दाखवून हिस्सा कापता? आणि हुंडा बहिणीला दिला का? तिच्या सासऱ्याला दिला. त्यानं त्याचं घर बांधलं नाहीतर त्याच्या पोरीला दिला. बहिणीच्या हातात काय आलं? आणि धाकट्या भावाच्या डीएडला डोनेशन भरलं, थोरल्याला ट्रॅक्टर घेऊन दिला, तो फेडता फेडता बाप गेला, ते कुणाच्या हिश्श्यातनं कापलं?

"जमिनीचे तुकडे पडतील." हे तर फारच हुशारीचं. चार भाऊ असले की चार तुकडे पडतात, तवा तुकडेबंदी कुणाला आठवत नाही. तिसऱ्या भावाला कधी कुणी म्हणलंय का, तू सही कर, तुकडा पडतोय? तुकड्याची काळजी फक्त बहिणीच्या वेळेला. आणि सातबाऱ्यावर नाव लावलं म्हणजे दुसऱ्या दिवशी बांध घालावाच लागतो असं कुठं आहे? नाव सामाईकात राहतं. कसणारा कसतो, बटईचा हिशोब होतो.

"जावई विकून खाईल." मी माझ्या गावातली मागच्या वीस वर्षांतली विकलेली रानं मनात मोजली. धाब्यापायी, प्लॉटिंगपायी, निवडणुकीपायी, दारूपायी. सगळी पोरांनी विकलीत. बहिणीची, बायकोची सही लागली असती तर त्यातली अर्धी आज जागेवर असती. भीती खरी तीच आहे. विकताना सही मागावी लागेल, आणि बाई "नाही" म्हणू शकेल.

"बाईला शेतीतलं काय कळतं?" याचं उत्तर वर दिलंय, ४३ आणि ९.

आता खरं अवघड उत्तर एकच आहे, आणि ते भावाचं नाही, बहिणीचंच आहे. "हिस्सा मागितला तर माहेर तुटंल."

याच्यावर मला चेष्टा करता येत नाही. शहरातल्या ताया शिबिरात येऊन सांगतात, हक्क मागा, घाबरता कशाला. त्यांना कळत नाही बाई कशाला घाबरती ते. सासरी मारहाण झाली तर रात्री अकराला कुठं जायचं? नवरा मेला तर लेकरं घेऊन कुठं जायचं? पहिलं बाळंतपण कुठं? दिवाळीला दोन दिवस हातात आयतं ताट कुठं मिळतं? माहेर म्हणजे बाईचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता ती सही करून भरती. ती येडी नाही. तिनं हिशोब केलेला असतो.

पण तो विमा निघतो का वेळेला, ते बघा. सही करून दिलेल्या किती बहिणी नवरा गेल्यावर माहेरी परत आल्या, आणि भावानं किती दिवस ठेवल्या? पहिले तीन महिने भाऊ बरा वागतो. मंग वहिनी भाकरी मोजायला लागती. मंग बहीण दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती आणि भावाच्या घरी पैसे देऊन राहती. ज्या घराच्या आठ एकरांत तिचे ६४ गुंठे होते, त्या घरात ती पाहुणी नाही, मालकीण नाही, मोलकरीण होती. मी अशा तीन जणी रोज बघते. तिघींनी सह्या केल्या होत्या.

आणि ज्यांनी मागितलं त्यांचं काय झालं, ते माझंच सांगते, उगाच दुसऱ्याचं कशाला. बाप २००८ ला वारला, ४ एकर होतं. मी २०१२ ला माझे ३२ गुंठे मागितले. धाकटा भाऊ दोन वर्षं बोलला नाही. राखी पोस्टानं पाठवली, उत्तर नाही. ते दोन वर्षं मला लई जड गेले, खोटं कशाला सांगू. भावकीतल्या एकानं लग्नात मला तोंडावर म्हणलं, "बापाच्या राखेतनं गुंठे वेचणारी." मंग आईचं ऑपरेशन निघालं, पैसे मी दिले, त्याच ३२ गुंठ्यांच्या बटईचे. कारण ते रान मी भावाकडंच ठेवलं होतं, अर्ध्यानं. आज तो कसतो, सोयाबीनचे माझे कट्टे बाजूला काढतो, भाऊबीजेला येते तेव्हा हिशोब देतो. आधी तो मला ओवाळणी द्यायचा, आता ओवाळणी पण देतो आणि पट्टी पण दाखवतो. गरजेपायी दारात उभी राहणारी बहीण आणि हिश्शानं येणारी बहीण, दोघींना घातलेल्या पाटात फरक असतो.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. काहींचं माहेर तुटलं ते तुटलंच. पण सही न करता जे तुटतं ते सही करून पण कधी ना कधी तुटणारच होतं, फक्त तवा हातात जमीन नसती.

आता नवऱ्याकडची बाजू. भावाला शिव्या घालणं सोपं आहे, आपल्या घरात बघा. बायकोला सासरच्या जमिनीत नवरा जिवंत असताना नावापुरतंही काही नाही. हे बदलायला महाराष्ट्रात शेतकऱ्यांनीच सुरुवात केली होती, हे आपल्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांनी बाया आल्या होत्या. आमच्या गावातनं एक टेम्पो गेला होता, मी तवा शाळेत. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि जोशी तिथं स्वतः जायचे. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पहिलं. कुठला कायदा नाही, सक्ती नाही, शेतकऱ्यांनी आपण होऊन केलं. यवतमाळकडं रावेरीला सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, तेही त्यांनीच नीट करून घेतलं. टाकून दिलेल्या बाईचं देऊळ शेतकरी संघटना उभं करती, याचा अर्थ तवाच्या शेतकऱ्याला कळत होता. आताच्या नेत्यांना ऊसदर, कापूसदर कळतो, त्याच्यापुढं काही नाही. संघटनेच्या कुठल्या पण बैठकीत जा, बायांना पहिल्या रांगेत बसवतात फोटोपुरतं.

सरकारनं १९९२ ला त्याचंच परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज दिला की त्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. पैसा लागत नाही, रजिस्ट्री लागत नाही. तीस वर्षांच्या वर झाली त्याला. आमच्या मालकांनी २०१३ ला अर्ज दिला तवा तलाठ्यालाच माहीत नव्हतं, परिपत्रकाची झेरॉक्स आम्ही नेऊन दिली. पारावर आमच्या मालकांना "जोरू का गुलाम" म्हणले. त्यांनी हसून घेतलं, गरीब माणूस आहे. पण मी विचारते, २००३ पासून ग्रामपंचायतीत घर दोघांचं लागतं, त्यानं कुणाचं घर फुटलं?

यात सगळ्यात वाईट गत कुणाची ते सांगून थांबते. नवरा गेलेल्या सुनेची. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवरा सासऱ्याच्या रानात मेला. कुणी फास घेऊन, कुणी औषध पिऊन. आत्महत्या पात्र ठरली तर १ लाख, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार बँकेत ठेव. पुढं? आमच्याच गल्लीत चौतिशीतली एक पोरगी आहे, दोन मुली. सहा वर्षं सासऱ्याच्या पाच एकरांत राबती. तिला दोनदा सांगून झालं, दिराच्या पोराच्या नावावर रान करायचंय, तू "हरकत नाही" म्हणून लिहून दे, मुलींची लग्नं आम्ही करून देतो. म्हणजे पुन्हा तेच, लग्नाच्या बदल्यात जमीन. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा तिचा आणि मुलींचा आहे, सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं असलं तरी. तिला हे कुणी सांगत नव्हतं. आता मी सांगितलंय, आणि सासऱ्यानं माझ्याशी बोलणं सोडलंय. चालतंय.

आणि जिला गुंठापण नाही तिचं? ती तर या भांडणातच नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत बाईचं नाव नसतं. २०१९ ला बीडच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय निघाला, समिती बसली, पेपरला आलं, हंगाम सुरू झाला, ट्रक भरून गेले. गावात खुरपणीला बाईला २५०, गड्याला कुठलंही काम असू द्या ४०० च्या खाली नाही. विचारलं तर म्हणतात काम वेगळं आहे. दिवसभर वाकून खुरपणं हलकं आणि ट्रॉलीत बसून मोंढ्याला जाणं जड, हे कुणी ठरवलं? १९७६ पासून समान मजुरीचा कायदा आहे, रोजगार हमीवर बाई-गडी एकच दर असतो, गावात मात्र नाही. मी खुरपणीला ३०० दिले तर शेजारी म्हणला, "ताई, तुम्ही रेट बिघडवता." भाव नाही, परवडत नाही, मान्य. मी पण त्याच मोंढ्यात विकते. पण परवडत नाही तवा पहिली कात्री बाईच्याच रोजाला का लागती? गड्याचा रोज कमी करून बघा एकदा.

बरं. ज्यांना काही करायचंय त्यांच्यासाठी कामाचं सांगते. बहिणींनो, तलाठ्यापुढं जबाब दिला, कोऱ्या कागदावर अंगठा दिला म्हणून हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र रजिस्ट्रीच लागतं. म्हणून तालुक्याला नेतात. रजिस्ट्री झाली की मागं फिरणं अवघड, कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागती. त्यामुळं सही आधी वाचा, वाचता येत नसेल तर लेकीला नाहीतर नातीला सोबत न्या. वारसाच्या अर्जात बहिणींची नावं गाळली असतील तर फेरफाराची नोटीस लागती तवा पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. मुदत गेली तर प्रांताकडं अपील होतं. आणि नाव नाही लागलं म्हणून हिस्सा गेला असं नसतं, सातबारा हा महसुलाचा कागद आहे.

नवरे मंडळींसाठी: लक्ष्मीमुक्तीच्या अर्जाला सातबारा, आठ-अ, दोघांचं आधार, रेशन कार्ड न्या. जमिनीवर कर्ज असलं तर बँकेला आधी विचारून घ्या. आमच्या गावातनं या महिन्यात सात अर्ज जायचेत, त्यातले दोन चाळिशीच्या आतल्या पोरांचे आहेत, त्यांनी आपण होऊन विचारलं. परिपत्रकाची आणि अर्जाच्या नमुन्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे. ज्याला पाहिजे त्यानं सांगावं, किंवा मंगळवारी बाजारात मी भाजी घेऊन बसते तिथं येऊन न्यावी.